तारा सूर्याचा, टोकं लेन्सची : प्रस्तावना

दिवाळीच्या दिवसांत घाटकोपर किंवा मुलुंडमधल्या एखाद्या सोसायटीसमोर ट्रायपॉड लावून, अपर्चर एफ/१६ वर ठेवून काढलेला रात्रीचा फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहा. गॅलऱ्यांवर सोडलेल्या माळांमधला प्रत्येक बारीक दिवा तारा झालेला असतो. एका ताऱ्याला १४ किरण असतील, तर सगळ्यांनाच १४ असतात. एकाचा एक किरण सरळ वर गेला असेल, तर सगळ्यांचाच जातो. खांबावरचा एलईडी, समोरून येणाऱ्या रिक्षाचा दिवा, दूरच्या टॉवरच्या गच्चीवरचा लाल दिवा यांचे रंग वेगळे, तेज वेगळं. पण किरणांची संख्या आणि दिशा तंतोतंत तीच. त्याच चौकटीत टांगलेला आकाशकंदील मात्र नुसता उजळलेला असतो. त्याला एकही किरण फुटलेला नसतो.

इतके वेगवेगळे दिवे एकाच वळणाचे किरण फेकत असतील, तर ते वळण दिव्यांचं नाही. ते लेन्सचं आहे. लेन्सच्या आत, काचांच्या मधल्या जागेत, काळ्या रंगाची पातळ धातूची पाती गोलाकार बसवलेली असतात. प्रत्येक पातं एका टोकाला अडकवलेलं. बाहेरची कडी फिरली की सगळी पाती एकमेकांवरून सरकत आत येतात आणि मधलं भोक लहान होतं. या भोकाला आपण अपर्चर म्हणतो, त्या पात्यांना अपर्चर ब्लेड. ती किती आहेत आणि त्यांच्या कडा सरळ आहेत की वळलेल्या, यावर फोटोतल्या ताऱ्याचं सगळं रूप अवलंबून असतं. हा तारा, म्हणजेच सनस्टार, लेन्सचं हस्ताक्षर आहे, आणि ज्याला ते वाचता येतं त्याला फोटो पाहून पात्यांचा हिशेब सांगता येतो.

ही पुस्तिका अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर या आपल्या उपनगरांत उजेडाकडे तोंड करून फोटो काढणाऱ्यांसाठी आहे. लेन्स घेताना आपण किंमत विचारतो, शार्पनेस विचारतो, मागचं धूसर कसं दिसतं ते विचारतो. पाती किती आणि कशी, हे फार थोडे जण विचारतात. माझ्या मते हा प्रश्न पहिल्या तिनांत असायला हवा. त्याला जोडून दुसरीही गोष्ट सांगायची आहे: किरणांची संख्या कारखान्यात ठरते, पण तारा ठसठशीत उमटणार की चिखल होणार, हे तुम्ही कुठे आणि कधी उभे राहता त्यावर ठरतं. पुढची सगळी प्रकरणं या दोन गोष्टींभोवती फिरतात. इथे त्यांचा पाया तेवढा घालतो.

प्रकाश एखाद्या कडेजवळून जाताना थोडा वाकतो, पसरतो. शाळेत आपण याला विवर्तन म्हणून शिकलो. सरळ कडेजवळून जाणारा प्रकाश त्या कडेला काटकोनात पसरतो, आणि दोन्ही बाजूंना पसरतो. म्हणजे आडवी कड असेल तर एक रेघ वर जाते, एक खाली. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित सोपं आहे. पाच पाती असलेल्या लेन्सचं भोक पंचकोनी होतं. पंचकोनाला पाच कडा, प्रत्येक कडेच्या दोन रेघा, आणि कुठल्याही दोन कडा समांतर नाहीत. म्हणून दहा वेगळे किरण दिसतात. सहा पात्यांच्या षटकोनात मात्र समोरासमोरच्या कडा समांतर असतात. त्यांच्या रेघा एकमेकींवर पडतात, आणि बारा न दिसता सहाच दिसतात. म्हणून विषम पाती असतील तर किरण दुप्पट, सम असतील तर पात्यांइतकेच. सात पात्यांचे १४, नऊंचे १८, अकरांचे २२. पण आठांचे आठ आणि दहांचे दहा. सम पात्यांच्या लेन्समध्ये दोन कडांचा उजेड एकाच रेघेत जमा होतो, म्हणून तिचे किरण मोजके आणि भरघोस असतात.

याचा प्रत्यय घ्यायला कॅमेराही लागत नाही. पावसाळ्यात रात्री स्टेशनवरून घरी येताना काळी छत्री थोडी पुढे झुकवा आणि तिच्या ताणलेल्या कापडातून दूरच्या एका दिव्याकडे पाहा. दिव्याभोवती चौफुलीसारखी ठिपक्यांची नक्षी दिसेल. छत्रीची दांडी हातात हळूहळू फिरवा; नक्षीही फिरेल. दिवा जागचा हललेला नाही, पण कापडाचे उभेआडवे धागे फिरले आणि त्यांच्याबरोबर उजेडाची दिशा फिरली. अमेरिकेत १७८५ च्या सुमारास फ्रान्सिस हॉपकिन्सन यांना रेशमी रुमालातून रस्त्यावरचा दिवा पाहताना हेच दिसलं आणि त्यांनी डेव्हिड रिटनहाउस या ज्योतिर्विदांना त्याचं कारण विचारलं. आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांचा पहिला शोधनिबंधसुद्धा याच घराण्यातला आहे. १९०६ मध्ये, अठराव्या वर्षी, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांनी आयताकृती फटीतून तिरप्या जाणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांवर तो लिहिला होता. भोकाच्या आकारावरून उजेडाची नक्षी ठरते, हा विषय लेन्सच्या जाहिरातींपेक्षा बराच जुना आणि बराच खोल आहे.

दुर्बिणींनाही तो सुटलेला नाही. हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांत ताऱ्यांना चार किरण असतात, कारण तिचा दुय्यम आरसा चार पट्ट्यांच्या आधारावर बसवलेला आहे. जुलै २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीची छायाचित्रं प्रसिद्ध झाली तेव्हा सगळ्यांच्या नजरेत सहा मोठे किरण भरले. ते तिच्या षटकोनी आरशांच्या कडांमुळे येतात. बारकाईने पाहिलं तर त्यांच्यामधून आडवे जाणारे आणखी दोन लहान किरण दिसतात, ते आरसा धरणाऱ्या एका दांडीचे. वर्तमानपत्रात आलेलं चित्र कुठल्या दुर्बिणीचं, हे शाळकरी मूलसुद्धा किरण मोजून सांगू शकतं.

आता कडांचा आकार. इथे खरी मेख आहे, आणि बहुतेक पुस्तकं इथे घाईत पुढे जातात.

भोक पूर्ण गोल असेल, तर त्याच्या कडेची दिशा प्रत्येक बिंदूला बदलते. मग उजेड सगळ्या दिशांना सारखा पसरतो आणि एकही किरण वेगळा निघत नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. नंतर काही वर्षांतच, १८५८ मध्ये, इंग्लंडात जॉन वॉटरहाउस यांनी लेन्सच्या नळीत खाच पाडून तिच्यात भोक पाडलेल्या धातूच्या पट्ट्या सरकवण्याची युक्ती काढली. लहान भोक हवं, पट्टी बदला. ही भोकं गोल होती. त्यांतून तारा येणं शक्यच नव्हतं. तारा आला तो सरकत्या पात्यांबरोबर, कारण पात्यांचं भोक लहान होताना कोपरे येतात. आजच्या यंत्ररचनेतली ही एक तडजोड आहे, पण तिच्यातून निघालेली गोष्ट देखणी आहे.

फरक किती मोठा आहे तो आकड्यांत पाहू. सरळ कडांच्या भोकातून आलेल्या किरणावर, मध्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की तेज चौथाई होतं. दोन किरणांच्या मधल्या जागेत मात्र तेवढ्याच अंतरात ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. गोल भोकात सगळीकडे आठव्या हिश्श्यावर. किरण लांब दिसतो तो यामुळे: त्याचा उजेड सावकाश विझतो आणि शेजारचा झपाट्याने विझतो, म्हणून काळोखाच्या पार्श्वभूमीवर तो टोकापर्यंत निमुळता, स्वच्छ उठून दिसतो. एक्स्पोजर वाढवलं की किरण लांबतात, त्याचंही कारण हेच. नवा किरण तयार होत नाही. आधीपासून असलेलं मंद शेपूट नोंदलं जातं.

गेल्या काही दशकांत कंपन्यांनी पात्यांच्या कडा वळवायला सुरुवात केली. कारण रास्त होतं. लग्नात नवरीचा जवळून फोटो काढताना मागचे दिवे पंचकोनी ठिकऱ्यांसारखे दिसू नयेत, मऊ गोल दिसावेत, ही मागणी होती. वळलेल्या पात्यांनी भोक पूर्ण उघडं असल्यापासून पुढचे एक-दोन स्टॉप जवळजवळ गोल राहतं. पण ताऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. कड वळलेली असली की तिला काटकोनात जाणारी दिशा एक राहत नाही, थोड्या कोनात विखुरते. एका रेघेऐवजी पंख्यासारखा पसरट झोत निघतो. किरण मुळाशी बारीक आणि टोकाकडे फाटलेला दिसतो. अपर्चर एफ/१६ पर्यंत बंद केलं की काही लेन्समध्ये कडा पुरेशा सरळ होतात आणि तारा सुधारतो. सरळ पात्यांच्या लेन्समध्ये मात्र एफ/५.६ किंवा एफ/८ लाच स्वच्छ तारा येतो.

एफ/८ आणि एफ/१६ मधला हा फरक फार मोलाचा आहे. विवर्तन फक्त तारा देत नाही, ते सगळा फोटो मऊही करतं. हिरव्या उजेडासाठी एका बिंदूचा ठिपका एफ/८ ला साधारण ११ मायक्रॉनचा होतो, एफ/१६ ला २१ चा, एफ/२२ ला २९ चा. २४ मेगापिक्सेलच्या लहान सेन्सरवर एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एफ/२२ वर तारा काढताना झाडाची पानं, खिडक्यांचे गज, केबलच्या वायरी, सगळ्यांवरून बोळा फिरतो. ज्याच्याकडे सरळ पात्यांची लेन्स आहे त्याला तारा आणि बारकावा दोन्ही मिळतात. वळलेल्या पात्यांची लेन्स असेल तर एफ/११ ते एफ/१६ च्या मध्ये आपापली जागा शोधावी लागते. एफ/२२ ला जाऊ नका, हा या पुस्तिकेतला सर्वांत ठाम सल्ला आहे.

आपल्या लोकांच्या हातात प्रत्यक्ष कुठल्या लेन्स असतात? कॅननची १९९० सालापासूनची ५० मिमी एफ/१.८ ची दुसरी आवृत्ती, प्लास्टिकची, स्वस्त, असंख्य घरांत पोचलेली. तिला पाच सरळ पाती आहेत. मागचे दिवे पंचकोनी येतात म्हणून तिला नावं ठेवली गेली. तिचा दहा किरणांचा तारा मात्र अनेक महाग लेन्सपेक्षा रेखीव आहे. २०१५ मध्ये तिच्या जागी एसटीएम आवृत्ती आली: सात वळलेली पाती, दिवे गोल, किरण १४ आणि जरा मऊ. निकॉनच्या जुन्या ५० मिमी एफ/१.८ डी ला सात सरळ पाती, नंतरच्या जी आवृत्तीला सात वळलेली. कॅननच्या जुन्या १८-५५ मिमी किट लेन्सला सहा, म्हणून तिचे सहाच किरण. झाइसची लोक्सिया २१ मिमी दहा सरळ पात्यांची आहे आणि तिचा तारा जगभर नावाजला जातो. ती महाग आहे, आणि इथल्या कामासाठी ती असलीच पाहिजे असं मुळीच नाही. फोर्टातल्या बोरा बाजारात सेकंडहँड लेन्स घेताना अपर्चर बंद करून पात्यांची कड डोळ्यांनी पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि दुकानदार नाही म्हणत नाही.

जास्त किरण म्हणजे चांगला तारा, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. ठाण्याच्या खाडीवर सकाळी आकाश आणि पाणी दोन्ही मोकळं असतं; तिथे १८ किरण शोभतात. पण घाटकोपरजवळ असल्फ्याच्या टेकडीवर रात्री शेकडो घरांचे दिवे एकमेकांना लागून असतात. तिथे १८ किरणांचे तारे एकमेकांत घुसतात आणि घरं हरवतात. अशा ठिकाणी सहा किंवा आठ किरणांची जुनी किट लेन्स जे करते ते नवी महाग लेन्स करू शकत नाही. दाटीच्या शहराला मोजके किरण मानवतात. आणखी एक: कॅमेरा आडवा धरलेला उभा केला की तारा ९० अंशांत फिरतो. आठ किरणांच्या ताऱ्यात काही कळत नाही, पण सहाच्या ताऱ्यात उभा किरण आडवा होतो आणि चित्राचा तोल बदलतो. हे आधी ठरवून करावं.

आकाशकंदिलाला किरण का फुटला नाही, हे आता सांगता येईल. तारा ठिपक्यासारख्या उजेडाला फुटतो. कंदिलाच्या कागदावर उजेड पसरलेला असतो. त्याच्या प्रत्येक बिंदूचा आपापला फिकट तारा असतो आणि ते सगळे एकमेकांवर पडून नाहीसे होतात. सूर्याचंही थोडं असंच आहे. तो आपल्याला अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो. २४ मिमीच्या लेन्समध्ये त्याची प्रतिमा सेन्सरवर सुमारे ०.२ मिमीची पडते, २०० मिमीच्या लेन्समध्ये जवळजवळ २ मिमीची. लांब लेन्सचा तारा म्हणूनच जाड आणि बोथट येतो. रुंद लेन्स घ्या, आणि सूर्य अर्धाअधिक कशाच्या तरी आड जाऊ द्या. इमारतीची कड, पानांमधली फट, डोंगराची धार, काहीही चालेल. उरलेली चीर जितकी बारीक, तितके किरण धारदार. मागचा भाग काळा असला की ते अधिकच उठतात.

आणि इथे आपलं उपनगर मदतीला येतं.

चौपाटीवर सनस्टार काढायला जाणारे बहुतेक जण सूर्यास्ताची वाट पाहतात. वर्सोव्याला सूर्य समुद्राला टेकतो तेव्हा त्याचा उजेड हवेच्या सर्वांत जाड थरातून आलेला असतो. तो लाल, मंद, डोळ्यांना सोसवणारा झालेला असतो. फोटो सुंदर येतो, पण तारा येत नाही. किरण ओढायला लागणारं तेज त्याच्यात उरलेलं नसतं. तारा हवा असेल तर सूर्य प्रखर असताना आड गेला पाहिजे. समुद्राच्या क्षितिजावर ते जमत नाही. डोंगरावर जमतं.

मुलुंडच्या पश्चिमेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि बोरिवलीच्या पूर्वेला तेच डोंगर आहेत. जवळजवळ १०४ चौरस किलोमीटरचं हे एकच जंगल मुलुंडला संध्याकाळचा तारा देतं आणि बोरिवलीला सकाळचा. मुलुंड कॉलनीच्या बाजूने पाहिलं तर सूर्य पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बराच आधी, अजून पिवळाधमक असताना, धारेआड जातो. धार क्षितिजापासून पाच अंश वर असेल, तर सुमारे वीस मिनिटं आधी. सूर्याचं पूर्ण बिंब धारेआड जायला दोन मिनिटांहून थोडाच जास्त वेळ लागतो, आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात, बिंबाची फक्त चीर उरलेली असताना, तारा सर्वांत रेखीव असतो. ट्रायपॉड, फोकस, एक्स्पोजर सगळं आधी बांधून ठेवायचं आणि त्या वेळात फक्त बटण दाबायचं. बोरिवली पूर्वेच्या गच्चीवरून सकाळी हेच उलट्या क्रमाने घडतं, आणि ते अधिक कठीण आहे. सूर्य नेमका धारेवर कुठे डोकावणार ते आधी कळत नाही. त्यासाठी आदल्या दिवशीची जागा नोंदवून ठेवावी.

ही जागा रोज सरकते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्ताचा बिंदू डिसेंबरात पश्चिमेच्या २५ अंश दक्षिणेला असतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांजवळ तो रोज सुमारे ०.४ अंश सरकतो, म्हणजे जवळजवळ सूर्याच्या स्वतःच्या रुंदीइतका. आज दोन टॉवरांच्या फटीत नेमका बसलेला सूर्य उद्या भिंतीआड जाईल. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र तो जागचा फारसा हलत नाही. ठरावीक फटीत, ठरावीक कळसाआड सूर्य हवा असणाऱ्याने तो आठवडा राखून ठेवावा. बोरिवलीच्या गोराई जेटीवरून खाडीपलीकडे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस दिसतो. सूर्य त्याच्यामागे कुठल्या दिवशी येईल हे नकाशावर दिशा मोजून आधीच काढता येतं. त्याची रीत दुसऱ्या प्रकरणात दिली आहे. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल, सुमारे ६० मीटर उंचीचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचा उभा सुळका, त्याच्या पूर्वेला उभं राहिलं तर उतरत्या दुपारी दगडाची उभी धार आयती मिळते. इतकी जुनी आणि इतकी सरळ कड शहरात दुसरी नाही, आणि तिच्याभोवती इमारतींनी जो विळखा घातला आहे तो पाहून वाईट वाटतं.

हवेचंही पाहावं लागतं. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एखादी सर येऊन गेल्यानंतर हवा धुतलेली असते. तेव्हा सूर्य ठिपक्यासारखा टोकदार राहतो. डिसेंबरच्या अखेरीला सूर्यास्ताची दिशा स्थिर असते, पण धूर आणि धूळ जमिनीलगत साचते. सूर्याभोवती पांढुरकं वलय पसरतं आणि किरणांचं मंद शेपूट त्यात बुडतं. म्हणून डिसेंबरात खालच्या रस्त्यावरून काढण्यापेक्षा उंच गच्चीवरून आणि सूर्य जरा वर असताना काढणं बरं.

रात्रीच्या दिव्यांचा हिशेब वेगळा आहे. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे गेले आणि एलईडी आले. एका एलईडी दिव्यात अनेक बारीक चिप असतात. जवळून काढलं तर प्रत्येक चिपचा तारा वेगळा पडतो आणि किरणांची जुडी दिसते. लांबून काढलं तर त्या एकवटतात आणि एक नीट तारा होतो. अंधेरीत वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे ओलांडणाऱ्या मेट्रोच्या पुलाचे दिवे म्हणून लांबूनच चांगले. स्कायवॉकवर ट्रायपॉड लावला असेल तर माणसं चालताना पूल हलतो आणि किरण दुहेरी होतात. गर्दीचा रेटा ओसरला की मगच शटर उघडा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डीएसएलआरमध्ये तुम्ही एफ/१६ लावलं तरी बटण दाबेपर्यंत पाती पूर्ण उघडीच असतात. व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहिलंत तर लेन्सने गोळा केलेला सगळा प्रखर उजेड थेट डोळ्यात जातो. डोळ्याच्या पडद्याची इजा कायमची असते आणि होताना दुखत नाही. सूर्य चौकटीत असेल तर लाइव्ह व्ह्यू लावा, मागच्या पडद्यावर पाहा. तारा व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही तोही याच कारणाने. घरातली मुलं हौसेने कॅमेरा हातात घेतात. त्यांना आधी हे शिकवा, मग अपर्चर.

आपल्या हवेत लेन्स नीट ठेवणं हा ताऱ्याचाच भाग आहे. चार महिन्यांच्या दमटपणात काचेवर बुरशीचे कोळ्याच्या धाग्यांसारखे तंतू येतात. रोजच्या फोटोत ते जाणवत नाहीत, पण सूर्य चौकटीत आला की उजेड विखुरतो आणि किरणांवर दुधाळ पडदा येतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढ्याने बरंच भागतं. जेलचा रंग पालटला की ते तापवून वाळवायचं. दुसरा आजार तेलाचा. उन्हात तापलेल्या गाडीत लेन्स राहिली की आतलं वंगण पातळ होऊन पात्यांवर चढतं. पाती चिकटतात, एखादं मागे राहतं, भोक वाकडं होतं. मग काही किरण लांब आणि काही आखूड येतात. ताऱ्याची टोकं असमान दिसली तर लेन्स तंत्रज्ञाला दाखवायची वेळ झाली आहे असं समजावं.

मोबाइलचा प्रश्न हमखास येतो. मोजके अपवाद सोडले तर फोनच्या कॅमेऱ्यात पाती नसतात, भोक कायम गोल असतं. फोनच्या फोटोत दिव्याला लांब पट्टे येतात ते काचेवरच्या बोटांच्या तेलकट डागाचे. अंगठा काचेवर वरून खाली फिरवा, दिव्याचा पट्टा आडवा जाईल; आडवा फिरवा, पट्टा उभा होईल. कडेला काटकोनात पसरण्याचा तोच नियम. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या लग्नाच्या अल्बममध्ये समईच्या ज्योतींना चार टोकांचे तारे दिसतात, तेही काचेवर बारीक रेघा कोरलेल्या फिल्टरचे. ते कुठल्याही अपर्चरला येतात आणि जिथे तिथे सारखेच येतात. मला पात्यांचा तारा जास्त आवडतो, कारण त्यासाठी जागा, वेळ, हवा आणि यंत्र जुळून यावं लागतं.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी घरी एक चाचणी करून ठेवा. रात्री खोलीत अंधार करा, टोकाला एकच उघडा बारीक एलईडी लावा, त्याच्यामागे काळं कापड. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शक्य तितका लांब घ्या. सर्वांत उघड्या अपर्चरपासून एफ/२२ पर्यंत एकेका स्टॉपने फोटो काढा आणि दर वेळी शटर दुप्पट सावकाश करत जा, म्हणजे उजेड सारखा राहील. मग ओळीने पाहा: किरण पहिल्यांदा कुठे सुटे झाले, टोकं कुठे निमुळती झाली, आणि जवळ ठेवलेल्या छापील कागदावरची अक्षरं कुठून पुसट व्हायला लागली. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तराच्या मधला आकडा लेन्सच्या टोपणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवा. झूम लेन्स असेल तर दोन्ही टोकांना वेगळा आकडा येईल, दोन्ही लिहा.